छावणीला गुन्हा लागत नाही

काल वसमतच्या शाळाशाळांतून झेंडावंदन झाले. आज 27 जानेवारी. 1945 साली याच दिवशी सोव्हिएत फौजा पोलंडमधल्या आउशवित्झच्या छळछावणीत शिरल्या, तेव्हा तिथे जेमतेम 7 हजार माणसे जिवंत होती. त्याआधी सुमारे 11 लाखांचा जीव घेतला गेला होता. त्यांतले बहुतेक ज्यू.

हे हिटलरचे पाप, आपला काय संबंध, असे म्हणून सुटता येत नाही. छावण्या हिटलरच्या आधीपासून होत्या. बंडखोरांना गावांतून भाकरी मिळू नये म्हणून स्पेनने 1896 मध्ये क्युबातली खेडीच्या खेडी उठवून पहाऱ्यात कोंडली. पुढे दक्षिण आफ्रिकेत डच वंशाचे बोअर शेतकरी इंग्रजांशी गनिमी काव्याने लढू लागले, तेव्हा इंग्रजांनी त्यांची शेते-घरे जाळली आणि बायकापोरे छावण्यांत नेली. ज्या घरचा पुरुष शरण आला नव्हता, त्या घराला शिधाही कमी. लिझी व्हॅन झील ही सात वर्षांची मुलगी अशाच शिध्यावर ब्लूमफाँटेनच्या छावणीत सुकत गेली आणि 1901 मध्ये मेली. तिचा हाडांचा सापळा झालेला फोटो आजही बघवत नाही. अशी 20 हजारांहून अधिक बोअर मुले गेली. काळ्यांच्या छावण्या वेगळ्या होत्या. तिथल्या मेलेल्यांची तर धड मोजदादही कोणी ठेवली नाही.

त्याच युद्धातले बोअर कैदी इंग्रजांनी आपल्या अहमदनगरला आणून ठेवले. पहिल्या महायुद्धात तिथेच जर्मन व्यापारी आणि मिशनरी आले. 1939 मध्ये तर कहर झाला. हिटलरच्या तावडीतून निसटून मुंबई गाठलेले ज्यू निर्वासित केवळ जर्मन म्हणून शत्रू ठरले आणि नगरच्या कॅम्पात नाझींच्याच शेजारी डांबले गेले! तू काय केलेस, हे आधी कोणी विचारलेच नाही. तू कोणाचा, एवढेच पाहिले.

स्वतंत्र भारतही यातून सुटला नाही. 1962 च्या युद्धानंतर आसाम-बंगालातली सुमारे 3 हजार चिनी वंशाची माणसे राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत गेली. काहींची सुटका व्हायला काही वर्षे लागली. त्याआधी 1948 मध्ये निजामाच्या राज्यात असलेल्या आपल्या मराठवाड्यात, निजामाची बाजू घेणाऱ्या रझाकारांच्या जाचाने लोक घरेदारे सोडून सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात गेले. भारताच्या पोलीस कारवाईनंतर मात्र रझाकारांशी काडीचा संबंध नसलेले मुसलमानही नुसत्या संशयावरून कैदेत गेले. पहिली हकिकत आपण दर 17 सप्टेंबरला सांगतो. दुसरी सांगायला कचरतो, हे बरे नव्हे.

वसमतच्या शिक्षकांना एकच विनंती आहे. काल मुलांना संविधानाची उद्देशिका म्हणायला लावलीत. आज तासातली दहा मिनिटे काढून त्यांना लिझीची, नगरच्या ज्यूंची आणि देवळीची हकिकत सांगा. आणि घरी आजी-आजोबा असतील, तर 1948 साली आपल्या गावात काय झाले ते त्यांना विचारून यायला सांगा.