पिंजऱ्यातली खरूज कोणी पाहायची?

आपल्या मंगरूळपीर तालुक्यात बैलाचा खांदा सुजला की शेतकरी त्याच दिवशी जू उतरवतो आणि जनावरांच्या डॉक्टरांना गाठतो. पण त्याच घराच्या ओसरीवर टांगलेल्या पिंजऱ्यातील फिंचच्या चोचीवर खपली धरली, तर "पाखरूच ते, मेले तर दुसरे आणू" असे म्हणून सारे मोकळे होतात. माझा आक्षेप या एका वाक्याला आहे.

बाजारात मिळणारा झेब्रा फिंच हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा पक्षी. वजन अवघे १२ ग्रॅमच्या आसपास. त्याचे दुखणे त्याच्या चोचीवर आणि कातडीवर उमटते. पाहणारा मात्र हवा. निरोगी नराची चोच लालभडक, मादीची नारिंगी असते. ती फिकी पडू लागली तर आजाराचा, निकस आहाराचा किंवा मादीच्या बाबतीत अंडी घालून आलेल्या अशक्तपणाचा संशय घ्यावा. पिलांची चोच काळी असते, तो रोग नव्हे. चोचीच्या मुळाशी अगर पायांवर पांढरट, खडबडीत थर चढला तर ती बहुधा खरूज. कातडीत बिळे करणारे अतिसूक्ष्म किडे ती आणतात. खपलीचा कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की निदान पक्के होऊ शकते.

डोके टकले झाले तर थोडा विचार करावा. कोणत्याही पक्ष्याला आपल्या डोक्याची पिसे आपल्याच चोचीने उपटता येत नाहीत. तेव्हा पिसे झडण्याचा हंगाम नसेल, तर दाटीच्या पिंजऱ्यातील सोबती ती उपटत आहेत काय, हे पाहावे. रात्री पिंजऱ्यावर पांढरे फडके टाकावे. सकाळी त्यावर बारीक तांबडे ठिपके सरकताना दिसले, तर दिवसा फटीत लपून रात्री रक्त पिणारे किडे पिंजऱ्यात आहेत असे समजावे.

रोग दिसला की आपल्याकडे घरगुती वैद्य जागे होतात. कोणी तेल चोपडतो. त्याने पिसे चिकटतात आणि एवढ्याशा देहाची ऊब जाते. कोणी वाढलेली चोच नखासारखी कापतो. चोचीच्या आत रक्तवाहिन्या असतात, हे त्याच्या गावीही नसते. कोणी गुरांच्या गोचिडांसाठी आणलेल्या आयव्हरमेक्टिनचा थेंब पाजतो. खरजेवर पशुवैद्य हेच औषध वापरतात हे खरे. परंतु ४०० किलोचा बैल हा १२ ग्रॅमच्या फिंचच्या तेहतीस हजार पट भरतो! गुरांच्या औषधाचा एक थेंबही पाखराला विष ठरू शकतो. मात्रा पशुवैद्यानेच वजन करून ठरवावी, काही दिवसांनी ती पुन्हा द्यावी लागते. सोबतच्या पाखरांवरही उपचार करावा, पिंजरा धुवावा, लाकडी दांड्या बदलाव्यात. नुसत्या राळ्या-बाजरीवर न ठेवता पालक, कोथिंबीर, किसलेले गाजर आणि चुन्याच्या अंशासाठी समुद्रफेन द्यावा.

कोणी म्हणेल, पाखराच्या किमतीपेक्षा डॉक्टरांचा खर्च जास्त. मान्य. पण हा हिशेब पाखरू आणण्यापूर्वी करायचा असतो. आपल्या शिवारातील मुनिया तर पिंजऱ्यात घालणेच १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. फिंच विकत मिळतो, म्हणून तो वाऱ्यावर सोडायचा काय? विक्रेत्यांनी प्रत्येक पिंजऱ्याबरोबर आजारांच्या खुणांची मराठी चिठ्ठी द्यावी, आणि तालुक्याच्या दवाखान्यात गाय-म्हशीप्रमाणे पाखरांचीही विचारपूस व्हावी, एवढीच मागणी आहे.

बैल आपल्यासाठी राबतो, म्हणून त्याचा खांदा आपल्याला दिसतो. पाखरू काहीच कमावत नाही. ते आपल्या हौसेसाठी आले आणि दार आपण लावले. मित्रहो, आपली भूतदया कमाई पाहूनच जागी होणार असेल, तर ती दया कसली? तो तर व्यवहार झाला.