नारळीभात आणि ट्रिक्सी
ज्येष्ठातल्या मंगळवारी आमच्या लखनौतल्या अलीगंजच्या हनुमान मंदिरापाशी पुरी-भाजीचे भंडारे लागतात आणि तेथे कोणाचीही जात, ऐपत वा दाखला न विचारता पत्रावळ हाती दिली जाते; त्या पंगतीची आठवण मला ९ ऑगस्ट २०२५ रोजी, नारळी पौर्णिमेच्या सुमारास झाली, कारण त्याच दिवशी डेबियन या संगणक-प्रणालीची तेरावी आवृत्ती, ‘ट्रिक्सी’, जगापुढे विनामूल्य वाढली गेली. इयान मर्डॉक या विद्यार्थ्याने १९९३च्या ऑगस्टात जाहीर केलेल्या, आणि स्वतःच्या व प्रेयसी डेब्राच्या नावांचा समास करून नामकरण केलेल्या या प्रणालीच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’तील खेळण्यांची नावे देण्याचा प्रघात आहे (ट्रिक्सी हा त्यांतला निळा, त्रिशृंगी डायनोसॉर), आणि इतके पोरकट बारसे झालेल्या वस्तूच्या पोटात सुमारे ७०,००० पॅकेजेस नांदावीत, याची मला भारी मौज वाटते. नारळीभाताचे पातेले मंद आचेवर ठेवून मी आवृत्तीची टिपणे वाचीत बसलो. त्यांत जुन्या ३२-बिट पीसींसाठी यापुढे इन्स्टॉलर निघणार नाही असा साफ हुकूम होता, आणि माळ्यावरचा माझा जुना लॅपटॉप नेमका त्याच जमातीचा. त्याच्यावर बारावी आवृत्तीच कायम ठेवावी, असे मनाशी ठरेपर्यंत भात तळाशी लागला होता.