संमोहनवाल्याकडे जाण्याआधी



देवास-धारच्या आपल्या मराठी घरांतून अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो: "संमोहनाने व्यसन सुटतं म्हणतात, जाऊ का?" विचारणारे गमतीने विचारत नाहीत. मिस्सा संपल्यावर अंगणात त्यांना दोन उत्तरे मिळतात. एक म्हणतो, हे सैतानाचे काम. दुसरा म्हणतो, तीन बैठकांत माणूस बदलतो. आमच्या मते दोन्ही उत्तरे चुकीची आहेत.

आधी पहिले. संमोहनाची पायाभरणी करणाऱ्यांत गोव्याच्या कांदोळीत १७५६ साली जन्मलेले एक कॅथलिक धर्मगुरू होते, आबे फारिया. त्यांनी १८१३ साली पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग केले. कोणत्याही अदृश्य द्रवात किंवा करणाऱ्याच्या हातात शक्ती नसते, झोप येते ती झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनातून, असे त्यांनी ठामपणे मांडले. पणजीत त्यांचा पुतळा उभा आहे. पुढे १९५७ साली पोप पायस बारावे यांनीही वैद्यकीय कारणासाठी संमोहन सरसकट निषिद्ध ठरवले नाही. मात्र तो करमणुकीचा खेळ नव्हे, असे बजावले. मग आपण पोपपेक्षा कडक का व्हावे?

दुसरे उत्तर अधिक घातक आहे. आपल्या एका बंधूंची हकिगत त्यांच्या घरच्यांच्या परवानगीने सांगतो. ते वीस वर्षे रोज दारू पीत होते. एका संमोहनवाल्याने चार बैठकांचे पैसे आगाऊ घेतले, दारूचे मूळ मागच्या जन्मात आहे असे सांगितले, आणि "आजपासून बंद" असा हुकूम दिला. दुसऱ्या रात्री त्यांचे हात थरथरू लागले, मग झटका आला. घरच्यांनी रातोरात इंदूरला नेले म्हणून ते वाचले. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम सोडली तर जिवावर बेतू शकते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची असते. त्या माणसाने हे विचारलेसुद्धा नाही.

पण दोष त्याचा एकट्याचा नाही. हे बंधू आधी आमच्याकडे आले होते. "प्रार्थना करा, सुटेल," एवढे सांगून आम्ही त्यांना परत पाठवले होते. आपण दार लोटले, म्हणून ते दुसरे दार शोधत गेले.

तेव्हा निवड कशी करावी? 'संमोहनतज्ज्ञ' ही पाटी कोणीही लावू शकतो. पाटी म्हणजे पात्रता नव्हे. मनोविकारतज्ज्ञ असेल तर वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही. संमोहन हे त्याच्या उपचारांतले एक साधन असावे, एकमेव नव्हे. वेदना किंवा पोटाच्या काही तक्रारींत त्याचा उपयोग दिसला आहे. धूम्रपान सोडवण्याबाबत मात्र २०१९ च्या कॉक्रेन आढाव्याला पुरेसा पुरावा सापडला नाही. म्हणून हमी देणारा, आगाऊ पैसे मागणारा, चालू गोळ्या बंद करायला लावणारा दिसला की उठून या. स्त्री असेल तर सोबतीला माणूस बसू द्या. त्याला नकार देणाऱ्याकडे जाऊच नका. आणि पूर्वजन्म 'दाखवणाऱ्या'ला तर नमस्कारच. संमोहनात आठवलेले खरेच असते असे नाही, मन तिथे कथा रचते. आणि मनुष्याला एकदाच मरण आहे, ही आपली श्रद्धा आहे. इंदूरला लगेच जाणे जमत नसेल तर १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

शेवटी एकच. उधळ्या पुत्राला कोणी झोपवून घरी आणले नाही. डुकरे राखताना तो शुद्धीवर आला आणि स्वतःच्या पायांनी निघाला. चांगला उपचार माणसाला तिथवर पोहोचवतो. त्याची इच्छा ताब्यात घेत नाही. मात्र त्या दाखल्यात बाप वाटेकडे डोळे लावून बसला होता, हे आम्ही विसरलो होतो. पुढच्या वेळी कोणी विचारले, "जाऊ का?" तर आम्ही म्हणू, "चला, बरोबर येतो."

प्रभू आपणांस जागे ठेवो. आमेन.