न देखिलेल्या भगिनीची ओळख

मनुष्याची ओळख पटण्यास त्याचे मुखदर्शन झालेच पाहिजे काय, असा प्रश्न कोणी आम्हांस सहा महिन्यांपूर्वी विचारला असता तर आम्ही बेलाशक 'होय' असे उत्तर दिले असते. आज तसे उत्तर देण्यास आमची जीभ रेटत नाही. हा पालट कसा घडून आला हे ह्या महिन्यात वाचकांस सांगावे असे मनात आहे. ह्या हकीकतीत आमचा थोडा पाणउतारा आहे. परंतु ज्या घरांतून हे मासिक वर्षानुवर्षे वाचले जाते त्या घरांपासून आमच्या चुका लपवून ठेवण्याचे दिवस आता राहिले नाहीत.

आमचे वास्तव्य जालना जिल्ह्यातील केदारखेडा ह्या गावी आहे, हे आमच्या नित्याच्या वाचकांस ठाऊक आहेच. भोकरदन तालुक्यातील हे पूर्णाकाठचे गाव. कपाशी, मका आणि सोयाबीन ह्यांचे भाव हाच येथील बारमाही संभाषणाचा विषय. लिहिण्यावाचण्याचा नाद असलेल्या माणसास येथे समव्यवसायी सोबती मिळणे कठीण. म्हणून ज्यांचे लेख आमच्या लेखाच्या मागच्यापुढच्या पानावर छापले जातात, त्यांनाच आम्ही मनातल्या मनात शेजारी समजत आलो आहोत.

अशाच एका शेजारणीची लेखी मुलाखत घेण्याचे काम आम्ही होऊन पत्करले. ह्या बाई कोकणात समुद्रकाठी राहतात आणि घरातील जुन्या चीजवस्तूंविषयी फार गोड लिहितात. त्यांचे नाव येथे देत नाही. त्याचे कारण पुढे ध्यानात येईल. हल्ली मोबाईलच्या पडद्यावर हजार कोसांवरच्या माणसाचा चेहराही समोर येतो. परंतु दूरध्वनीवर बोलण्यास बाईंची ना होती. 'प्रश्न लिहून धाडावे, उत्तरे लिहून धाडीन,' एवढाच त्यांचा निरोप. आम्ही अकरा प्रश्न काढले, त्यांस क्रमांक घातले आणि टपालात टाकले.

पंधरा दिवसांत उत्तरे आली. अक्षर मोत्यांसारखे. बालपण कोठे गेले, प्रथम लेखन कधी छापले, आवडते ग्रंथ कोणते, सर्व प्रश्नांची नेटकी उत्तरे होती. फक्त आठव्या क्रमांकापुढे काही नव्हते. क्रमांक घालून खाली चार ओळींची जागा कोरी सोडली होती. आमचा आठवा प्रश्न असा होता : 'मध्यंतरी तीन वर्षे आपली लेखणी थांबली होती, त्याचे कारण काय?'

आम्हांस वाटले, बाई विसरल्या असतील. म्हणून आम्ही तोच प्रश्न अधिक अदबीने पुन्हा लिहून धाडला. वाचकांची उत्कंठा, लेखकाचे वाचकांशी असलेले नाते इत्यादी भारदस्त कारणेही त्यास जोडली. त्या पत्रास उत्तर आले नाही. एक महिना गेला, दोन गेले. आम्ही मनातून रुष्ट झालो. ज्यांस प्रसिद्धीची हौस नाही त्यांनी मुलाखतीस होकार तरी का द्यावा, असे एके दिवशी जेवताना बोलूनही दाखविले.

तेव्हा आमच्या घरातून, ताटात भाकरी वाढता वाढता, फार शांतपणे विचारणा झाली : "अहो, तुम्ही त्यांना अकरा प्रश्न विचारलेत. स्वतःविषयी एक ओळ तरी लिहिली होती का?"

लिहिली नव्हती. आम्ही कोण, कोठे राहतो, आमची लेखणी कधी अडली आहे काय, ह्यांपैकी एका अक्षराचाही त्या पत्रांत पत्ता नव्हता. परक्याच्या दारी जाऊन, आपले नावगाव न सांगता, त्याच्या माजघरातील पेटी उघडण्यास सांगावे, तसाच हा प्रकार झाला होता.

त्याच सुमारास दुसऱ्या एका लेखाच्या निमित्ताने डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांच्या चरित्रातील तपशील आम्ही पुन्हा चाळीत होतो. ही कथा आपल्या घरोघरी ठाऊक आहे. श्री. ज. जोशी ह्यांच्या 'आनंदी गोपाळ' ह्या १९६८ सालच्या कादंबरीने ती अधिकच परिचित केली. परंतु तिच्यातील एका भागाकडे आमचे लक्ष पूर्वी कधी गेले नव्हते.

१८७८ साली गोपाळराव जोशी ह्यांनी कोल्हापुराहून वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिले. आपल्या पत्नीस अमेरिकेत शिक्षण मिळावे, त्यासाठी साहाय्य व्हावे, अशी त्यात विनंती होती. वाइल्डर ह्यांनी मदतीच्या वाटेत ख्रिस्ती धर्माच्या स्वीकाराची गोष्ट आणली आणि हा पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापून टाकला. गोपाळरावांचा मार्ग तेथेच खुंटला असता. परंतु १८८० साली न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता, तो अंक त्यांच्या हाती लागला. छापील मजकूर तोच. वाचणारी दृष्टी मात्र निराळी. एकास त्या पत्रात धर्मप्रसाराची संधी दिसली, दुसरीस शिकू इच्छिणारी एक मुलगी दिसली. कार्पेंटरबाईंनी त्या मुलीस पत्र धाडले.

आनंदीबाई त्या वेळी पंधरा वर्षांच्या होत्या. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मातृपद आणि दहा दिवसांत ते मूल गेलेले. वैद्यकीय साहाय्याच्या अभावी झालेल्या ह्या हानीनेच त्यांच्या मनात डॉक्टर होण्याची इच्छा रुजविली, हे सर्वश्रुत आहे. अशा मुलीस सातासमुद्रांपलीकडून एक अनोळखी बाई पत्र लिहिते. त्यानंतर सुमारे तीन वर्षे, गोपाळरावांच्या टपालखात्यातील बदल्यांबरोबर गावे बदलत गेली तरी, हा पत्रव्यवहार तुटला नाही. आपला धर्म, आपले आचार, बालविवाहाचे स्त्रियांच्या प्रकृतीवर होणारे परिणाम, असे कितीतरी विषय त्यात आले.

परंतु आमचे लक्ष वेधले ते ह्या विषयांनी नव्हे. ही प्रश्नोत्तरे एकमार्गी नव्हती. पुढे कलकत्त्यास असताना आनंदीबाईंची प्रकृती ढासळली. सतत डोके दुखे, मधून मधून ताप येई, श्वास लागे. तेव्हा कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठविली. त्या औषधांनी गुण आला नाही. तथापि ज्या बाईने केवळ हिंदुस्थानची माहिती मिळविण्यासाठी लेखणी उचलली असती, तिने आगबोटीने आठवडेच्या आठवडे प्रवास करणारी औषधाची पुडी बांधली नसती. विचारणारीने आपले घर आधी उघडे केले, म्हणूनच उत्तर देणारी तिला 'मावशी' म्हणू लागली. ह्या मावशीचा चेहरा प्रत्यक्ष पाहण्यापूर्वीच हे नाते जुळले होते.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या आणि जून महिन्याच्या आरंभी न्यू यॉर्क बंदरात उतरल्या. त्यांस उतरून घेण्यास कार्पेंटरबाई आल्या होत्या. अठरा वर्षांची, नऊवारी नेसणारी, शाकाहारी ब्राह्मण मुलगी त्या घरी राहिली ती पाहुणी म्हणून नव्हे. पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात शिक्षण झाले, ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयास बावीस वर्षेही पूर्ण झाली नसता, पुण्यात त्यांचे देहावसान झाले. त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठविली. न्यू यॉर्क प्रांतातील पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत ती ठेवलेली आहे. एका दंतवैद्याच्या दालनात सुरू झालेली ओळख येथपर्यंत पोहोचली.

कोणी म्हणेल, हा सव्वाशे वर्षांहून अधिक जुना काळ. त्या वेळी पत्रावाचून दुसरा उपायच नव्हता. तर अलीकडचे उदाहरण घ्यावे. धारवाडचे जी. ए. कुलकर्णी हे इंग्रजीचे प्राध्यापक आणि मराठीतील थोर कथाकार. सभासमारंभांपासून ते आयुष्यभर दूर राहिले. 'काजळमाया' ह्या संग्रहास १९७३ साली मिळालेला साहित्य अकादमीचा पुरस्कारही त्यांनी परत केला. व्यासपीठावर न सापडणारे हे गृहस्थ पत्रांत मात्र मोकळे होत. १९८७ साली ते निवर्तल्यावर त्यांच्या निवडक पत्रांचे चार खंड निघाले. त्यांतील पहिला खंड सुनीताबाई देशपांडे ह्यांस लिहिलेल्या पत्रांचा आहे, आणि सुनीताबाईंची पत्रे 'प्रिय जी. ए.' ह्या नावाने स्वतंत्र प्रसिद्ध झाली आहेत. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली म्हणजे एक गोष्ट उमगते. तेथे कोणी मुलाखतकार नाही आणि कोणी मुलाखत देणारा नाही. दोघेही विचारतात आणि दोघेही सांगतात. जे जेवढे सांगितले जाते तेवढ्यावर संतोष मानण्याची रीत दोघांस अवगत आहे.

हे सर्व मनाशी घोळत असता आम्ही एके रात्री पुन्हा कागद पुढे ओढला. ह्या खेपेस प्रश्न एकही घातला नाही. आमच्याही लेखणीस एकदा वर्षभर खंड पडला होता. त्या वेळी आम्ही डोळ्यांच्या दुखण्याचे निमित्त सर्वांस सांगितले आणि सर्वांनी ते खरे मानले. वास्तविक आमचे वडीलबंधू त्या वर्षी गेले. आमचा प्रत्येक लेख प्रथम तेच वाचीत. वाचणारे गेल्यावर लिहावे कोणासाठी, हे आम्हांस वर्षभर कळले नाही. ही गोष्ट आम्ही घरीही कधी स्पष्ट शब्दांत बोललो नव्हतो. कोकणातील एका न पाहिलेल्या भगिनीस ती आम्ही तीन पृष्ठे भरून लिहिली. शेवटी आमच्या गावाचे, पुलाचे आणि पूर्णेचे चार ओळींत वर्णन केले आणि दोन महिन्यांपूर्वीच्या आग्रहाबद्दल क्षमा मागितली.

आठव्या दिवशी उत्तर आले. ते पुष्कळ मोठे होते. आठव्या प्रश्नाचे उत्तर त्यात होते. ते काय होते हे आम्ही येथे सांगणार नाही. कारण ते मुलाखत घेणाऱ्यास दिलेले नाही. त्यांची संमती मागावी असेही आमच्या मनात आले नाही. मुलाखत पुढील अंकी छापली जाईल. तीत दहा प्रश्न असतील आणि दहा उत्तरे असतील. कोणा चाणाक्ष वाचकास सातव्यानंतर थोडे तुटल्यासारखे वाटले, तर त्याने कृपा करून आम्हांस पत्र लिहू नये.

आमच्या ह्या मुलखात एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. भोकरदनचे प्राचीन नाव भोगवर्धन. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या सांची आणि भारहूत येथील स्तूपांवर दान देणाऱ्यांचे जे लहान लहान लेख कोरलेले आहेत, त्यांत भोगवर्धनच्या माणसांचे उल्लेख आढळतात. नाव, गाव आणि दान, एवढेच. त्यांचे चेहरे, त्यांची सुखदुःखे, काही म्हणता काही उरलेले नाही. तरीसुद्धा तो उल्लेख वाचताना आम्हांस आपल्याच तालुक्यातील कोणी भेटल्याचा आनंद होतो. पुष्कळ माहितीने ओळख होतेच असे नाही, आणि थोड्या अक्षरांनी ती होत नाही असेही नाही. त्या अक्षरांत मनुष्याने आपले काही दिले आहे की नाही, एवढेच पाहावयाचे असते.

आता आमच्या वाचक भगिनींस आणि बंधूंस एक विनंती. आपल्यापैकी पुष्कळांची मुले-मुली परगावी, परदेशी आहेत. दूरध्वनीवर त्यांची नित्य विचारपूस होते. जेवलास काय, प्रकृती कशी, सुटी कधी, हे प्रश्न आपणही रोज विचारीत असाल आणि 'ठीक आहे' हे उत्तर रोज मिळत असेल. ह्या उत्तराने ज्यांचे समाधान होत नसेल, त्यांनी एखादे दिवशी प्रश्न बाजूस ठेवून आपल्याच दिवसाची हकीकत सांगून पाहावी. आपणांस कशाची भीती वाटली, कशाने डोळ्यांत पाणी आले, हेही सांगावे. उत्तर त्याच दिवशी येईल असे आम्ही म्हणत नाही. आम्हांस आठ दिवस थांबावे लागले, आणि त्यापूर्वी दोन महिने आमच्याच चुकीने फुकट गेले.

बाईंच्या पत्राच्या अखेरीस एक प्रश्न होता. आमच्या अकरा प्रश्नांनंतर त्यांनी आम्हांस विचारलेला हा पहिलाच प्रश्न : 'तुमच्या पूर्णेला उन्हाळ्यात पाणी राहते का?'

इतकी वर्षे ह्या गावी काढूनही आम्हांस नीट सांगता येईना. म्हणून दुसरे दिवशी सकाळी पुलावर जाऊन उभे राहिलो. पात्र बहुतेक कोरडे होते. दगडगोट्यांतून वाट काढीत गुरे पलीकडे चालली होती. एका बाजूस, सावलीच्या आड, लहानसा डोह शिल्लक होता आणि त्यात एक बगळा उभा होता. हे सर्व पाहून घरी आलो आणि त्यांस तसेच्या तसे लिहून कळविले.