शेजारच्या सीटवर कोण बसतं?

उल्हासनगरात गाडी शिकायला मोकळी जागा जवळपास उरलेलीच नाही. सुमारे १३ चौरस किलोमीटरचं शहर, आणि २०११ च्या जनगणनेत माणसं पाच लाखांवर. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांना लष्करी छावणीच्या बराकींत वसवलं, तेव्हा घरोघरी मोटार येईल हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यामुळे कॅम्प १ मधली मुलं-मुली शिकतात ती रिक्षा, हातगाड्या आणि टेम्पो यांच्यातूनच वाट काढत. क्लच चुकून सुटला तर सावरायला हातभरही जागा नसते. म्हणून मला शिकणाऱ्यापेक्षा त्याच्या शेजारी बसणाऱ्याची जास्त काळजी वाटते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला तिसरा नियम याबाबत स्पष्ट आहे. शिकाऊ परवाना हवा, गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा, आणि सोबत शिकवणारा हवा. त्या शिकवणाऱ्याकडे त्याच प्रकारच्या वाहनाचा चालू परवाना असला पाहिजे आणि गाडी ताब्यात घेता येईल किंवा थांबवता येईल अशा जागी तो बसलेला असला पाहिजे. म्हणजे मागच्या सीटवरून ‘ब्रेक मार, ब्रेक मार’ ओरडणारे काका कायद्याच्या लेखी सोबत नाहीत. ज्याच्याकडे फक्त स्कूटरचा परवाना आहे तो भाऊ मोटारीत चालत नाही. ज्यांच्या परवान्याची मुदत संपली आहे ते बाबाही चालत नाहीत, त्यांनी तीस वर्षं गाडी चालवली असली तरी. पंचावन्न ओलांडलेल्यांना परवाना पाच-पाच वर्षांनी नवा करावा लागतो, आणि मुदतीनंतर पूर्वी मिळणारी तीस दिवसांची सवलत २०१९ च्या दुरुस्तीत गेली. साठीच्या पुढच्या किती वडिलांनी आपल्या कार्डावरची तारीख अलीकडे पाहिली असेल?

दुचाकीचा प्रश्न अधिक अवघड आहे. शिकताना मागे शिकवणाऱ्याखेरीज कुणालाही बसवता येत नाही. मैत्रिणीला कॉलेजला सोडणं तर सोडाच, शिकाऊ परवान्यावर एकटीनं स्कूटर नेणंही नियमात बसत नाही. पण मागे बसलेल्याचा हात ब्रेकपर्यंत धड पोहोचत नाही. मग तो गाडी थांबवणार कशी? नियम लिहिणाऱ्यांनी याचं उत्तर दिलेलं नाही, आणि मला हा त्या नियमाचा मोठा दोष वाटतो.

दुसरा दोष अनुभवाचा. मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असावा लागतो, आणि खाजगी मोटारीसाठी किमान एकवीस दिवस व दहा तास गाडी चालवण्याचं शिक्षण द्यावं लागतं. घरच्या गाडीत मात्र गेल्या आठवड्यात पक्का परवाना मिळालेला अठरा वर्षांचा चुलतभाऊही ‘शिकवणारा’ होऊ शकतो. त्याच्या हाताशी काय, तर हँडब्रेक. ब्रिटनमध्ये सोबत बसणारा किमान एकवीस वर्षांचा आणि तीन वर्षांपासून परवाना असलेला लागतो. जर्मनीत तर सार्वजनिक रस्त्यावर घरच्या माणसाबरोबर शिकता येतच नाही, परवानाधारक प्रशिक्षकच लागतो. आपल्याला जर्मनीइतकं कडक व्हायची गरज नाही. स्कूलची फी अनेक घरांना जड जाते. पण तीन वर्षांची अट केंद्रानं नियमात घालावी, असं माझं ठाम मत आहे.

घरच्या माणसांना हा सगळा कागदी काथ्याकूट वाटतो. त्यांनी आपली विमा पॉलिसी काढून चालकाबद्दलचं कलम वाचावं. शिकाऊ परवानाधारकानं गाडी चालवलेली चालते, पण याच तिसऱ्या नियमाच्या अटी पाळल्या असतील तर, असं तिथं छापलेलं असतं. सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये स्वर्ण सिंह प्रकरणात शिकाऊ परवानाही परवानाच आहे असं म्हटलं. त्यामुळे धडक बसलेल्या पादचाऱ्याला भरपाई नाकारायला विमा कंपनीला ते कारण पुरत नाही. आपल्याच गाडीच्या नुकसानीचा दावा मात्र सोबत कोण होतं यावर अडकू शकतो.

शिकाऊ परवान्याची परीक्षा आता घरबसल्या ऑनलाइन देता येते. मुलगी चिन्हं ओळखते, उत्तरं देते, पास होते. तिच्या शेजारी बसणाऱ्या बाबांना मात्र कुणी एक ओळही सांगत नाही. कल्याणच्या आरटीओनं शिकाऊ परवान्याबरोबर सोबत्यासाठी मराठी, हिंदी आणि सिंधीत एक पान द्यावं: परवान्याची मुदत आणि वर्ग तपासा, पुढे बसा, मोबाइल बंद ठेवा, मागे पोरंबाळं भरू नका. मोटारीत इतरांना बसवायला नियमाची मनाई नाही, पण पहिले काही दिवस गाडीत दोघंच असावीत. आणि महापालिका व ठाणे पोलिसांची वाहतूक शाखा यांनी मिळून रविवारी सकाळी दोन तास एखादा रुंद रस्ता शिकणाऱ्यांसाठी राखून ठेवावा. त्याला नवं बांधकाम लागत नाही, चार बॅरिकेड आणि दोन हवालदार पुरतात.