कुंपणाआडचे मरण

पुण्याच्या कात्रज भागातील राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात जुलै २०२५ मध्ये अवघ्या एका आठवड्यात १६ चितळे दगावली. प्रयोगशाळेच्या अहवालाने कारण स्पष्ट केले : लाळ्या-खुरकूत. चार दिवस नगरात हळहळ झाली, वृत्तपत्रांत मथळे झळकले, आणि मग नव्या बातम्यांच्या गर्दीत ती मुकी जनावरे विस्मृतीत गेली. विषय तेथेच संपला असता तर त्यावर पुनश्च लेखणी उचलण्याचे आम्हांला प्रयोजन नव्हते. परंतु हा प्रश्न केवळ १६ हरणांचा नाही. वन्य पशूला कुंपणाआड ठेवण्याचा अधिकार समाज स्वतःकडे घेतो, तेव्हा त्याबरोबर कोणते कर्तव्य त्याच्या शिरावर येते, असा तो प्रश्न आहे. आणि त्याला आपण अद्याप समाधानकारक उत्तर दिलेले नाही.

लाळ्या-खुरकूत हा रोग आमच्या शेतकऱ्याला नवा नाही. तोंडात फोड येतात, लाळ गळते, खुरांच्या बेचक्यात जखमा होतात, जनावर चारा सोडते आणि लंगडू लागते. मोठी गाय बहुधा यातून उठते. तिचे दूध आटते, पण प्राण वाचतो. रोगाचा विषाणू मात्र विलक्षण चपळ. वाऱ्यावर, चाऱ्याच्या पेंढीवर, गाडीच्या चाकावर, राखणदाराच्या वहाणांवर बसून तो गोठ्यातून गोठ्यात जातो. अशा शत्रूपुढे लोखंडी जाळी काय करणार? जाळी बिबट्याला अडवते, विषाणूला नाही. उलट, तीच जाळी आतल्या प्राण्याचा घात करते. रानातला कळप आज या कुरणात तर उद्या त्या; आजारी जनावर मागे पडते, कळप पुढे निघून जातो. कोंडलेल्या कळपाला पुढे जाण्यास जागाच नसते. तीच गव्हाण, तेच पाण्याचे टाके, तीच तुडवलेली माती!

त्यात हरणाचा स्वभाव रोगाला साहाय्यभूत होतो. हिंस्र पशूचे भक्ष्य होणे हेच ज्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे प्राक्तन, तो प्राणी आपले दुखणे अखेरपर्यंत लपवतो. कारण रानात दुबळेपणा दाखवणे म्हणजे मरणाला आमंत्रण देणे. म्हणून राखणदाराच्या लक्षात आजार येतो तेव्हा बहुधा वेळ टळलेली असते. गाईला दावणीला बांधून सुई टोचता येते. हरणाला धरू गेले तर भीतीने आणि झटापटीनेच ते प्राण सोडण्याचा संभव असतो. यावरून एकच निष्कर्ष निघतो. हरणांच्या बाबतीत रोग झाल्यावर उपचार करू, हे धोरण म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे आहे. रोग वेशीवरच अडवावयास हवा.

हे न केल्यास काय घडते, याचा सर्वांत विदारक धडा अमेरिकेने जगाला दिला आहे. कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्स येथील वन्यजीव संशोधन केंद्राच्या आवारात ठेवलेली म्यूल जातीची हरणे १९६७ च्या सुमारास कारणावाचून झिजू लागली. ती खात, पीत. तरी सुकत जात. मान खाली पडे, लाळ गळे, आणि शेवटी सांगाडा तेवढा उरे. कोंडलेल्या जनावरांचे हे खंगणे असावे, असेच प्रारंभी वाटले. तो मेंदूला सच्छिद्र करणारा संसर्गजन्य विकार आहे, हे एलिझाबेथ विल्यम्स या संशोधक विदुषीने १९७८ साली ओळखले. तोवर एक तप सरत आले होते. १९८१ मध्ये तोच रोग रानातील एल्कमध्ये आढळला. १९९६ मध्ये कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात व्यापारासाठी पाळलेल्या एल्कमध्ये तो सापडला, आणि कॅनडातून नेलेल्या जनावरांबरोबर समुद्र ओलांडून २००१ साली दक्षिण कोरियात जाऊन पोहोचला. आज अमेरिकेतील तीसहून अधिक राज्ये त्याने ग्रासली आहेत.

या रोगाचे कारण जंतू नव्हे, विषाणूही नव्हे; विकृत झालेले एक प्रथिन, ज्याला प्रायॉन म्हणतात. त्यावर लस नाही, औषध नाही. ते लाळेतून व मलमूत्रातून मातीत उतरते आणि वर्षानुवर्षे तेथे टिकते. म्हणजे कळप नाहीसा झाला तरी कुरण दूषितच राहते. बाहेरून धडधाकट दिसणारे हरीण वर्ष-दीड वर्ष आणि त्याहूनही अधिक काळ हा रोग अंगात वागवते. २०१६ मध्ये नॉर्वेच्या रानटी रेनडिअरमध्ये प्रायॉनचा असाच रोग सापडताच तेथील शासनाने नॉर्डफ्येला भागातील दोन हजारांहून अधिक रेनडिअरांचा संपूर्ण कळप मारून टाकला. हा निर्णय किती कठोर होता, याची कल्पना कोणासही येईल. पण त्याहून सौम्य मार्ग हाती उरला नव्हता. हा रोग मनुष्यास झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही आणि भारतात तो आढळलेला नाही. तथापि अजून आढळला नाही, म्हणून तपासण्याचे कारण नाही, ही विचारसरणी आत्मघातकी होय.

याउलट, शिस्त पाळली तर रोग हटतो, याचा दाखला न्यूझीलंडने दिला आहे. त्या देशात १९६९ मध्ये हरीणपालनाचा धंदा कायदेशीर झाला आणि १९७८ मध्ये पाळीव हरणांत गोवंशाचा क्षय आढळला. तेथे नुसता शोक झाला नाही. १९८५ पासून ऐच्छिक आणि १९९० पासून सक्तीची क्षयनियंत्रण योजना आली. प्रत्येक कळपाची परीक्षा, बाधित जनावरांचा नाश, जनावरांच्या स्थलांतरावर बंधन आणि रानात रोग पसरवणाऱ्या पॉसम या प्राण्याचा बंदोबस्त, असे चहूबाजूंनी काम झाले. बाधित कळपांची संख्या आज अत्यल्प आहे. व्यापारासाठी हरणे पाळणारा देश हे करू शकतो. आमचा १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा असा व्यापार होऊच देत नाही, येथे हरणे मुख्यतः शासनाच्या व नगरपालिकांच्या ताब्यात आहेत. मग आमचे काम त्याहून सोपे असावयास हवे.

यावर कोणी म्हणेल, ही संग्रहालयेच बंद करा. या मताशी आम्ही सहमत नाही. चीनमधील पेअर डेव्हिडचे हरीण मायदेशातून समूळ नष्ट झाले, आणि इंग्लंडमध्ये वोबर्न येथील उद्यानात राखलेल्या कळपामुळेच ती जात जगली. १९८५ मध्ये ती चीनला परत गेली. आमच्या कान्हा येथील बाराशिंगांची संख्या १९७० मध्ये ६६ वर आली होती. त्यांना सावरण्यातही संरक्षित कुंपणाचा वाटा आहे. परंतु याच पेअर डेव्हिडच्या हरणाची दुसरी कथाही ध्यानात ठेवावी. मेंढीला ज्याचा काहीच उपद्रव होत नाही असा एक विषाणू त्याला प्राणघातक ठरतो. कुंपण तारते आणि मारतेही. ते कोणाच्या हाती आहे, यावर सारे अवलंबून असते.

म्हणूनच आम्ही काही गोष्टी स्पष्टपणे सुचवू इच्छितो. पहिली गोष्ट संख्येची. चितळांची वीण बंदिवासात भराभर वाढते. दिल्लीच्या हौज खास येथील मृगोद्यानात मोजक्या हरणांचे सुमारे ६०० झाले, आणि २०२३ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने त्याची मान्यता काढून घेतली. जागेच्या मानाने कळप ठरवावा व नर-मादी वेळीच वेगळे ठेवावेत. दुसरी, नवे जनावर विलगीकरणात ठेवून तपासल्यावाचून कळपात सोडू नये. चारा कोठून येतो आणि तो वाहणारी गाडी कोणत्या गोठ्यातून आली, याचीही नोंद असावी. तिसरी, संग्रहालयाच्या परिसरातील सर्व गुराढोरांना लाळ्या-खुरकुताची लस नियमाने टोचावी. २०१९ पासून केंद्र शासनाचा लसीकरण कार्यक्रम चालू आहेच. संग्रहालयांच्या भोवतालची गावे त्यात अग्रक्रमाने घेतल्यास गोरगरिबांची गुरेही वाचतील. चौथी, प्रत्येक मृत्यूचे शवविच्छेदन व्हावे आणि निष्कर्ष जनतेपुढे ठेवावा. लपवलेला रोग हा सांगितलेल्या रोगाहून अधिक मारतो.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. संग्रहालयातील जादा चितळे अभयारण्यांत सोडण्याची पद्धत आता रूढ होत आहे. वाघ-बिबट्यांना भक्ष्य मिळते आणि संग्रहालयाचा भार हलका होतो, म्हणून ती सोयीची वाटते. पण तपासणीवाचून सोडलेले एक रोगी हरीण साऱ्या अरण्याला बाधा करू शकते. संग्रहालयातला रोग औषधाने, निदान कुलपाने तरी आवरता येतो. जंगलात शिरलेल्या रोगाला आवरण्यास कोणाचेच हात पुरत नाहीत. येथे घाई नको, काटकसर तर मुळीच नको.

या सर्वांस पैसा लागेल, पशुवैद्य लागतील, प्रयोगशाळा लागतील. नगरपालिका खर्चाचे रडगाणे गातील, हे आम्ही जाणून आहोत. पण ज्यांना पोसण्याची ऐपत नाही अशी जनावरे बाळगण्याचा कोणालाच अधिकार नाही. नागरिकांनीही आपला वाटा उचलावा. रविवारी मुलाबाळांसह संग्रहालयात जाऊन जाळीतून पोळी, फळांच्या साली, चुरमुरे टाकण्यात भूतदया नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यात रानातील हरणांना चारा घालण्याच्या हौसेने ती एका जागी गोळा झाली आणि क्षय त्यांच्यात फैलावला, हे तेथील अनुभवाचे बोल आहेत.

रानातल्या हरणाला वाघापासून पळण्याची संधी असते. आपण कोंडलेल्या हरणाला रोगापासून पळता येत नाही. त्याच्या वतीने सावध राहणे एवढेच आपल्या हाती उरते. ते जमत नसेल, तर फाटकावर तिकिटे विकण्याचा अधिकारही आपण सोडून द्यावा.