बाळ थरथरतं तेव्हा



या वेळचा विषय नव्या आईबाबांसाठी आहे, आणि त्याहून जास्त फोनच्या पलीकडे काळजी करत बसलेल्या आजी-आजोबांसाठी. लंगोट बदलायला बाळाला दुपट्यातून बाहेर काढलं आणि त्याची हनुवटी किंवा हातपाय थरथर कापायला लागले, की रात्री दोन वाजतासुद्धा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मतांचा पूर येतो. कुणी म्हणतं थंडी वाजतेय, कुणी म्हणतं दचकलं, कुणी मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला तयार.

माझी बहीण बाळंतपणाला आमच्याकडे कुकटपल्लीला आली होती, तेव्हा भाचा चौथ्या दिवशी असाच कापत होता. आईनं त्याचा हात आपल्या तळव्यात घेतला, कोपरात हलकेच दुमडला आणि थरथर तिथल्या तिथे थांबली. "आधी पाज त्याला, सकाळी दाखवून येऊ," ती बहिणीला म्हणाली. सकाळी बालरोगतज्ज्ञांनीही सगळ्यात आधी हात दुमडूनच पाहिला. मग टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासली.

ही दोन्ही पावलं महत्त्वाची आहेत. नवजात बाळाची मज्जासंस्था अजून कच्ची असते, त्यामुळे रडताना, भूक लागल्यावर, उघडं पडल्यावर अशी थरथर बऱ्याच निरोगी बाळांत दिसते. ती एकसारखी, भरभर असते आणि अवयव धरला की थांबते. आकडी धरून थांबत नाही. हाताखाली झटके जाणवतच राहतात. शिवाय डोळे एका बाजूला वळणं, टक लागणं, ओठांची चोखल्यासारखी हालचाल, सायकल मारल्यासारखे पाय, श्वास अडकणं, अंग निळसर पडणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही, तडक दवाखाना गाठायचा. मोठा आवाज झाला की दोन्ही हात फेकून दचकणं वेगळं. ती जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया आहे. फक्त गाढ झोपेत झटके येतात आणि जाग आल्याबरोबर थांबतात, तोही प्रकार बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. गंमत म्हणजे हे झोपेतले झटके धरून ठेवल्यावर कधीकधी वाढतात, त्यामुळे तिथे बाळाला जागं करून पाहावं. आणि हो, मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढाच. आपल्या वर्णनापेक्षा डॉक्टरांना त्यातून कितीतरी जास्त कळतं.

पण धरल्यावर थांबली म्हणजे विषय संपला, असंही नाही. रक्तातली साखर किंवा कॅल्शियम कमी झालं तरी बाळ असंच कापतं आणि तीही थरथर धरल्यावर थांबू शकते. वजन कमी असलेली, दिवस भरायच्या आधी जन्मलेली, आईला मधुमेह असलेली बाळं यात आधी येतात. म्हणून थरथर वारंवार होत असेल, बाळ मलूल असेल, दूध ओढत नसेल तर तपासणी त्याच दिवशी. मधाचं बोट आणि साखरपाणी हा त्यावरचा उपाय नाही, हे आजीला जरा प्रेमानं सांगा.

आता खास आपल्या घरांची गोष्ट. काही बाळांत कंप पहिल्या आठवड्यात नाही, सहा महिन्यांनंतर दिसतो. बाळ फिकट पडतं, केस विरळ आणि तपकिरी होतात, बोटांच्या पेरांवर काळसर डाग येतात, हसणारं बाळ हसेनासं होतं, सावरलेली मान पुन्हा ढिली पडते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या जाधव, वेब आणि सहकाऱ्यांनी १९६२ साली 'लॅन्सेट'मध्ये अशा बाळांवर लिहिलं. ती अंगावरच्या दुधावर वाढत होती आणि त्यांच्या आयांच्याच अंगात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास केला, तेव्हा जवळजवळ दोन तृतीयांश जणींत बी-१२ कमी आढळलं. म्हणजे हा प्रश्न फक्त पक्क्या शाकाहारी घरांचा नाही; महिन्यातून दोनदा रस्सा खाणाऱ्या घरांचाही आहे.

बाळंतिणीला आपण डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपू असं सगळं प्रेमानं खाऊ घालतो. त्यातला खिरीच्या दुधाचा भाग सोडला तर बी-१२ कशातच नाही. गरोदरपणात मिळणाऱ्या लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या सरकारी गोळीतही नाही. गरज मात्र रोज दोन-अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास, मिठाच्या कणाहून कमी! दूध, दही, अंडी, मासे यांतून ती भागू शकते. ज्या मैत्रिणींनी अलीकडे दूधसुद्धा सोडलं आहे, त्यांनी गोळीशिवाय राहू नये. दिवस राहिले की नेहमीच्या रक्ततपासण्यांबरोबर बी-१२ पण बघायला डॉक्टरांना स्वतःहून सांगा. ती तपासणी यादीत असेलच असं नाही.

बाळात कमतरता निघाली तर इंजेक्शन किंवा थेंब सुरू होतात आणि काही दिवसांत बाळ पुन्हा नजरेला नजर देऊ लागतं. उपचार सुरू झाल्यावर कधीकधी कंप थोडे दिवस वाढतो, किंवा आधी नसलेला नव्यानं दिसतो. तेव्हा घाबरून औषध बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा. आईचे उपचारही त्याच वेळी सुरू व्हायला हवेत, कारण दूध तिचंच आहे.